मधोमध ठेवा, बाबा

वायरलेस चार्जरला वायर असते, हे मला तो घरी आल्यावर कळलं. खोक्यातून बशीएवढी काळी चकती निघाली आणि तिच्या कडेला वायर जोडायची जागा होती. वायरचं दुसरं टोक ॲडॉप्टरमध्ये, ॲडॉप्टर भिंतीत. म्हणजे वायर कुठे गेलीच नव्हती, फक्त फोनच्या वीतभर अलीकडे येऊन थांबली होती. नवऱ्याने विचारलं, यात बिनवायरचं काय आहे. मी म्हणाले, शेवटचा टप्पा. असली उत्तरं मला कामावर सप्लायर देतात आणि मी त्यांचा माल परत पाठवते. त्या दिवशी उत्तर माझंच होतं, म्हणून मी माल ठेवून घेतला.

मी वाळूजला एका कारखान्यात गुणवत्ता तपासते. आमच्याकडे गाड्यांसाठी पत्र्याचे भाग तयार होतात. प्रेसमधून निघालेला भाग माझ्या टेबलावर येतो, मी तो मोजते, कडांवरून बोट फिरवते आणि बरा आहे की नाही ते सांगते. बहुतेक वेळा नाही असं सांगते. इतकी वर्षं हेच केल्यामुळे माझा स्वभाव तसा झाला, की स्वभाव तसा होता म्हणून हे काम मिळालं, यावर घरात दोन मतं आहेत. आमच्या हर्सूलच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला मला लांबून येताना पाहिलं की मऊ टोमॅटो आपणहून बाजूला काढतो.

चार्जर मी बाबांसाठी घेतला होता.

बाबा वैजापूरला एकटे राहतात. आई गेल्यापासून एकटेच. तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण ते निवृत्त झालेत हे गावात अजून कोणी मनावर घेतलेलं नाही. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकली की कोणी ना कोणी कागद घेऊन येतं. वारसाची नोंद, अडकलेला फेरफार, सातबाऱ्यावर चुकलेलं नाव. हात थरथरतात म्हणून बाबा आता अर्ज लिहून देत नाहीत. पण कोणत्या टेबलावर जायचं, तिथं काय बोलायचं आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही, हे सांगतात. ते आटोपलं की मार्केट यार्डात एक चक्कर. आयुष्यात त्यांनी कुंडीतसुद्धा कांदा लावलेला नाही, पण कांद्याचा लिलाव कानावर पडल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

मागच्या हिवाळ्यात ते न्हाणीत घसरले. लागलं थोडंच, पण उठता येईना. फोन बाहेरच्या खोलीत होता आणि तोही चार्जिंग संपून बंद पडलेला. शेजारच्या काकू दुधाचं पातेलं घेऊन आल्या, तेव्हा कळलं. मी त्याच दुपारी वैजापूर गाठलं आणि त्यांना इकडे चला म्हणाले. ते नाही म्हणाले. मी पुन्हा म्हणाले, ते पुन्हा नाही म्हणाले. आम्ही दोघं एकाच मातीचे असल्याने हे बराच वेळ चाललं. शेवटी मी नियम केला. नियम करणं मला चांगलं जमतं.

रोज सकाळी कामावर निघायच्या आधी मी फोन करणार. लागला नाही तर काकूंना बघायला पाठवणार. आणि काकूंना तिसऱ्यांदा पाठवायची वेळ आली, तर बाबांनी बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं, कायमचं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "तिसऱ्यांदा म्हणजे तिसरी वेळ धरून?"

"धरून."

"आणि चूक फोनची असली तर?"

"फोन कोणाचा आहे?"

"माझा."

"मग तुमची."

त्यांनी मान हलवली. जन्मभर त्यांनी लोकांना नियम दाखवला होता. स्वतःवर आल्यावर पळवाट काढणं त्यांना शोभलं नसतं, आणि हे मला नियम करताना पक्कं माहीत होतं.

अडचण होती ती पिनेची. फोनच्या पोटातलं ते बारीक भोक आणि बाबांची थरथरणारी बोटं यांची गाठ पडायची नाही. पडली तर जोरात पडायची आणि भोक रुंद व्हायचं. बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याने भोक बदलून दिलं, ते पुन्हा गेलं. काकू म्हणाल्या, मी रोज लावून देत जाईन की. हे बाबांना चालणार नव्हतं. रोज कोणाच्या तरी दारात फोन घेऊन उभं राहायचं, तर मग लेकीच्या घरी काय वाईट, असं ते म्हणाले नाहीत, पण मला ऐकू आलं.

अशा वेळी माणूस बाजारात काय काय मिळतं ते बघतो. चुंबकाची पीन मिळते, उभा खाचेचा चार्जर मिळतो, बटणांचा साधा फोन मिळतो जो आठवडाभर चालतो. यातलं काहीही कोणीही सुचवलं असतं. मी कोणाला विचारलं नाही. माझा जुना फोन घरात पडून होता. त्याचंही पिनेचं भोक सैल झालं होतं, वायर लावली की खाली काडेपेटी सरकवावी लागायची. म्हणून तर मी नवा घेतला होता. पण तो जुना फोन चकतीवर ठेवून चार्ज होणाऱ्यांपैकी होता. चकती आणायची, फोन वर ठेवायचा, झालं. पीन नाही, भोक नाही, थरथर नाही. एकाच मालात दोन दोष निकाली, असं मला वाटलं आणि मी दोन चकत्या घेतल्या. एक बाबांना, एक मला, कारण नव्या फोनचं भोक तरी मी शाबूत ठेवणार होते.

फोन बाबांना द्यायच्या आधी मी तो माझ्या पद्धतीने तयार केला. माझे सगळे फोटो काढून टाकले, अक्षरं मोठी केली, काळं रबरी कव्हर साबणाने धुऊन खिडकीत वाळत घातलं. कव्हर वाळेपर्यंत फोन चकतीवर ठेवून तपासला. हिरवा दिवा लागला. वेगवेगळ्या वेळी ठेवून पाहिला, दर वेळी हिरवा. मी समाधानाने कव्हर चढवलं आणि रविवारी वैजापूरला जाऊन कपाटाशेजारच्या फळीवर चकती बसवून दिली. फोन पूर्ण भरलेला होता, म्हणून तिथं पुन्हा तपासला नाही.

तिथं मी बाबांना या यंत्राचे गुणदोषही समजावून सांगितले. दोष मी सगळे शोधून ठेवले होते. वायरपेक्षा हळू चालतं. फोन थोडा गरम होतो. चार्जिंगला लावून बोलता येत नाही, उचलला की चार्जिंग बंद. वीज गेली तर कळत नाही, दिवा बघावा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोन चकतीच्या मधोमध ठेवायचा. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, फोनमध्येही असतं, दोन्ही एकमेकांसमोर यायला हवीत. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग गुण कोणता. मी म्हणाले, पीन नाही. ते म्हणाले, पुरे.

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी फोन बंद लागला. मी काकूंना पाठवलं. पुढच्या मिनिटाला त्यांचा फोन आला.

"बसलेत की ओट्यावर. चहा पिऊ लागलेत. तुमचा फोन लागंना, म्हणलं मी, तर फोनच मेलाय. लेक लई तापली आसंल, म्हणले."

ही पहिली वेळ. मी बाबांना मधोमधचं पुन्हा सांगितलं. ते हो म्हणाले. त्यानंतर बरेच आठवडे फोन रोज लागत होता. मी कारखान्यात दोनतीन बायकांना चकती घ्या म्हणून सांगितलं. एकीने घेतलीही.

मग एकदा बोलता बोलता बाबा म्हणाले, "तुझं ते यंत्र सरळ ठेवलं की चालत नाही. जरा तिरपं आणि वर सरकवून ठेवलं की चालतं."

मी कामावर एक गोष्ट नव्या मुलींना सांगत असते. यंत्रावर रोज उभा राहणारा माणूस काही सांगत असेल, तर आधी ते खरं धरा, मग तपासा. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की मुली माझ्या मागे माझी नक्कल करतात. बाबांना मी काय म्हणाले? मी म्हणाले, असं होऊच शकत नाही. तिरपं ठेवलं तर वेटोळी समोरासमोर येत नाहीत. तुम्ही ठेवताना हात हलतो, म्हणून तुम्हाला तसं वाटत असेल.

"वाटत नाही. दिवा लागतो."

"किती वेळ लागतो? पूर्ण चार्ज होतो?"

"होतो सकाळपर्यंत. गरम लागतो जरा."

"बघा, गरम होतो ना? वेडावाकडा ठेवल्यामुळेच. फोन खराब होईल. मधोमध ठेवा, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन बंद. काकू गेल्या, बाबा यार्डाकडे निघाले होते, ठणठणीत. ही दुसरी वेळ. संध्याकाळी काकूंच्या फोनवरून मी बाबांशी बोलले. ते म्हणाले, मधोमधच ठेवला होता. मी म्हणाले, मधोमध म्हणजे डोळ्याच्या अंदाजाने नाही, नीट मोजून. नंतर कळलं ते असं की त्यांनी फूटपट्टी घेतली, चकतीवर खडूने उभी आणि आडवी रेघ मारली, फोनच्या पाठीवर कव्हरवरही तशाच रेघा मारल्या आणि रेघेला रेघ जुळवून फोन ठेवला. हिरवा दिवा लागला नाही तरी, मी सांगितलं होतं म्हणून, तसाच राहू दिला. थरथरत्या हाताने हे करायला त्यांना संध्याकाळ लागली असणार. एकाही कर्मचाऱ्याकडून मी जन्मात करून घेऊ शकले नाही इतकं अचूक काम माझ्या वडिलांनी माझ्या सांगण्यावरून केलं, आणि सकाळी फोन बंद.

काकूंना पाठवायला मी फोन उचलला खरा, पण हात जरा थांबला. ही तिसरी वेळ होती. न पाठवावं, थोडं थांबावं, असं एकदा मनात आलं. मग न्हाणीतली फरशी आठवली आणि मी फोन लावला.

काकू म्हणाल्या, "हायेत. बॅग भरू लागलेत."

मी त्यांना द्या म्हणाले, तर ते फोनवर यायला तयार नव्हते. सांगा तिला, तिसरी वेळ झाली, एवढाच निरोप. दिवेलागणीला ते आमच्या दारात उभे. लासूरमार्गे एसटीने आले होते, एक बॅग, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली चकती. कंडक्टरने छत्रपती संभाजीनगरचं तिकीट दिलं, तेव्हा आपण औरंगाबादचं मागितलं होतं म्हणून जरा गोंधळ झाला, एवढं एकच प्रवासाबद्दल सांगितलं.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. रडूबिडू आलं नाही, पण खांद्यावरचं काहीतरी उतरलं. सकाळी फोन करायचा नाही, लागला नाही तर काकूंना पाठवायचं नाही, कंपनीच्या बसमध्ये बसून काकूंच्या उत्तराची वाट बघणं नाही. मी त्यांची खोली लावून दिली. जेवणानंतर त्यांचा फोन माझ्या चकतीवर ठेवला, खडूच्या रेघा होत्याच, मधोमध. लाल दिवा लुकलुकायला लागला. नवऱ्याचा फोन ठेवला, हिरवा. बाबांची चकती लावून पाहिली, नवऱ्याचा फोन हिरवा, बाबांचा लाल. मी निकाल दिला की दोष चकतीत नाही, फोनमध्ये आहे. बाबा सोफ्याच्या कडेला बसून बघत होते. ते म्हणाले, तिरपा ठेवून बघ. मी म्हणाले, आता त्याने काय होणार आहे.

नवरा म्हणाला, नवा फोन घेऊन टाक. पण एखादा माल नापास का झाला हे कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. आणि शिवाय, आता घाई कशाची होती? बाबा तर आलेच होते.

ते आमच्याकडे कसे राहिले, ते सांगते. आमच्या आधी उठायचे, चहा करायचे, माझा कप बशीने झाकून ठेवायचे. वर्तमानपत्र वाचून पुन्हा घडीवर घडी घालून, जणू कोणी उघडलंच नाही असं, टीपॉयवर ठेवायचे. टीव्ही लावायच्या आधी विचारायचे. घरात कोणी नसलं तरी आवाज इतका बारीक ठेवायचे की बातम्या देणारा नुसता तोंड हलवायचा. एकदा खाली जाऊन सोसायटीच्या फळ्यावरच्या सगळ्या सूचना वाचून आले आणि म्हणाले, एकीवरही जावक क्रमांक नाही. हे त्यांनी वॉचमनलाही सांगितलं होतं. वॉचमन म्हणाला, व्हय. त्यापुढे बोलणं गेलं नाही. संध्याकाळी नवऱ्याच्या फोनवरून काकूंना कांद्याचा भाव विचारायचे. भाव ऐकून हं म्हणायचे आणि फोन परत करायचे. तिसऱ्या मजल्यावर कोणी कागद घेऊन येत नव्हतं.

मी हे सगळं पाहत होते. रुळतील, असं स्वतःला सांगत होते. नव्या यंत्रालाही बसायला वेळ लागतो.

एका सकाळी मी त्यांचा फोन पर्समध्ये टाकून कामावर नेला. आमच्याकडे दोष शोधायची एक रीत आहे. का, असं विचारायचं. उत्तर आलं की त्यालाही का. असं खाली खाली उतरत जायचं, मुळापर्यंत. जेवणाच्या सुट्टीत मी टेबलावर कागद घेऊन बसले. फोन बंद पडला. का? चार्ज झाला नाही. का? चकतीशी जुळला नाही. का? इथं येऊन अडकले. काडेपेटीची युक्ती करून वायरने थोडा चार्ज केला, तर फोन व्यवस्थित चालू झाला. म्हणजे बॅटरी चांगली. शेजारच्या टेबलावरचीने विचारलं काय चाललंय. मी म्हणाले वडिलांचा फोन आहे, त्यांना ठेवता येत नाही नीट. हे बोलता बोलता, हात मोकळे हवेत म्हणून, मी फोन डावीकडच्या लोखंडी रॅकला लावला.

टक असा आवाज झाला आणि फोन रॅकला चिकटून उभा राहिला.

मला काही वेगळं वाटलंच नाही. मी पुन्हा कागदाकडे वळले. का, यापुढे काय लिहावं याचा विचार करत होते. मग हळूहळू मान वळवून रॅककडे पाहिलं.

हा फोन माझा होता, तेव्हा मी तो रोज तिथंच लावत असे. ड्रॉइंग बघत मोजमाप घ्यायचं तर फोन समोर उभा लागतो. रॅकवर मी चुंबकाची चिकटणारी गोटी बसवली होती. तिच्यासोबत फोनच्या कव्हरमध्ये घालायची एक पातळ पट्टी मिळाली होती. ती मला पसंत पडली नाही, फार फडतूस होती. म्हणून मी टूलरूममध्ये भंगारातल्या पत्र्याची गोल टिकली कापून घेतली, चांगली जाड, कडा स्वतः घासल्या, फोनला ओरखडे नकोत म्हणून वर काळा मखमली कागद लावला आणि कव्हरच्या आत चिकटवली. इतकी बेमालूम बसली की कव्हर धुतानाही ती मला दिसली नव्हती. माझ्याकडे होता तोपर्यंत फोन वायरवर चालला, त्यामुळे टिकलीने कधी काही बिघडवलं नाही. आणि चकतीवर तपासला तेव्हा कव्हर खिडकीत वाळत होतं.

वेटोळ्याच्या आणि वेटोळ्याच्या बरोबर मध्ये पोलाद. फोन तिरपा आणि वर सरकवून ठेवला की टिकली थोडी बाजूला जायची, फट मिळायची, कसाबसा चार्ज व्हायचा, गरम व्हायचा. मधोमध ठेवला की काही नाही. जितकं अचूक मधोमध, तितकं पक्कं काही नाही.

दिवसभर पत्र्यावर बोट फिरवून पोट भरणाऱ्या बाईने वडिलांना पत्र्यावर फोन ठेवायला लावला होता, फूटपट्टीने. कागदावर शेवटचा "का" लिहून ठेवला होता. त्याच्यापुढे "मी" एवढंच लिहायचं होतं. मी कागदाची घडी घातली. शेजारच्या टेबलावरचीने विचारलं, सापडला का दोष. मी म्हणाले, बाहेरून आलेल्या मालात आहे. आमच्या खात्यात यापेक्षा मोठं खोटं कोणी बोललेलं नसेल.

टिकली सोलून काढून मी एप्रनच्या खिशात टाकली.

परतीच्या बसमध्ये ती हातात घेऊन बसले होते. कोणाला काही माहीत नव्हतं. मी टिकली खिडकीतून टाकून दिली असती, घरी जाऊन फोनच खराब निघाला म्हटलं असतं, तर बाबा आमच्याकडेच राहिले असते. नियमाप्रमाणे राहिले असते. सकाळचा फोन कायमचा सुटला असता. बशीने झाकलेला चहा मिळाला असता. आणि हे काही मी माझ्यासाठीच केलं असतं असं नाही, न्हाणीतली फरशी खरीच ओली असते. हा सगळा विचार मी बाबा पेट्रोलपंप नावाच्या चौकापर्यंत केला. तिथं सिग्नलला एक म्हातारा माणूस दुसऱ्या एका माणसाला हातातला कागद उलटसुलट करून काहीतरी समजावत होता. माझ्या बाबांसारखेच हातवारे करत होता. मी टिकली मुठीत धरून घरी आणली.

जेवताना मी ती बाबांच्या ताटाशेजारी ठेवली. काय झालं ते सांगितलं, सगळं, टूलरूमपासून. नवऱ्याने आमटीच्या वाटीत मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते. बाबांनी टिकली उचलून उजेडात धरली आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"काम स्वच्छ केलंयस," ते म्हणाले.

मी त्यांच्या वाटीत आमटी वाढली.

"म्हणजे मी सांगत होतो ते."

"तिरपं."

"हं. तिरपं." त्यांनी टिकली खिशात ठेवली. पोळीचा तुकडा तोडला, खाल्ला. "मग दुसरी आणि तिसरी वेळ धरायची नाही."

"पहिलीही नाही," मी म्हणाले.

"पहिली राहू दे. पहिल्या वेळी मी तुला सांगितलं नव्हतं." नियमाच्या बाबतीत ते स्वतःलाही सूट देत नाहीत. मग त्यांनी जावयाला विचारलं की वैजापूरची पहिली गाडी किती वाजता आहे.

मी म्हणाले, रविवारपर्यंत थांबा, मी सोडते. ते म्हणाले, एसटी आहे की. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा कप बशीने झाकलेला होता आणि ते गेलेले होते. चहा कोमट झाला होता. मी तो गरम न करता प्यायले, उशीर झाला होता म्हणून.

आता फोन रोज लागतो. कव्हर मी परत चढवलंच नाही, त्यामुळे हातातून निसटतो, म्हणून काकूंनी त्याला जुन्या साडीच्या काठाची पातळ पिशवी शिवून दिली आहे. पिशवीसकट ठेवला तरी हिरवा दिवा लागतो. मी खात्री करून घेतली. पिशवी घालून, काढून, दोन्ही प्रकारे.

पण नियम तसाच राहिला नाही. बाबांनी त्यात एक कलम वाढवलं. रविवारी मला सुट्टी असते, तर रविवारी फोन ते करणार, आणि तो मी उचलायचा. न उचलला तर पुढचं तेच, फक्त उलट. मी हसून हो म्हणाले. माझी चकती पलंगाशेजारच्या टेबलावर, फोन नवा, भोक शाबूत. मला काय होणार होतं?

या यंत्राचा एक दोष मी बाबांना सांगितला नव्हता, कारण तो मलाच माहीत नव्हता. फोन थरथरला की चकतीवरून सरकतो. आमच्या कंपनीचा एक ग्रुप आहे, त्यावर रात्रपाळीवाले दर थोड्या वेळाने काही ना काही टाकतात. प्रत्येक निरोपाला फोन केसभर सरकतो. सकाळपर्यंत तो चकती सोडून टेबलाच्या कडेला जाऊन पोचतो आणि मरून पडतो. एका रविवारी तसंच झालं. मी उशिरा उठले, तर नवरा दारात उभा, कानाला त्याचा फोन.

"बाबा आहेत," तो म्हणाला. "विचारतायत, तू बॅग स्वतः भरतेस की मी भरून देऊ."

ही माझी पहिलीच वेळ होती, नियमाप्रमाणे तिसरी व्हायची होती. मी तसं म्हणणार होते. मग म्हटलं, जाऊ दे, आणि एका दिवसाचे कपडे पिशवीत कोंबले.

वैजापूरला पोचले तर ओट्यावर दोन माणसं कागद घेऊन बसली होती. बाबा त्यांना कोणाशी काय बोलायचं नाही ते सांगत होते. मला हाताने आत जा म्हणून खुणावलं, बोलणं तोडलं नाही. मी आत गेले. फळीवर चकती होती, खडूच्या रेघा पुसट झालेल्या. तिच्यावर काठाच्या पिशवीतला फोन, एका बाजूला झुकलेला, वर सरकलेला, पार तिरपा. दिवा हिरवा.

बाबा मागून पाणी प्यायला आत आले. मी फोनकडे बघत होते हे त्यांनी पाहिलं.

"आता सरळ ठेवला तरी होतो," ते म्हणाले. "सवय लागलीय."

माझा हात तो नीट करायला पुढे गेलाच होता. मी तो शेजारच्या पाण्याच्या तांब्याकडे वळवला आणि त्यांना पेला भरून दिला.